ठमी, बेल आणि कुकर: नाशिकरोडला घरी येणाऱ्या डॉग ट्रेनरचा अनुभव

कानाचं मशीन काढून ठेवलं की मला खालून जाणारा लग्नाचा बँडही ऐकू येत नाही. मशीन लावलेलं असलं तरी हॉलमध्ये बसून कुकरची शिट्टी कळत नाही. मुलगा पुण्याला, मी जेलरोडला एकटी. म्हणून घरातल्याच कुत्रीला, ठमीला, बेल-शिट्टी सांगायला शिकवायचं ठरवलं आणि घरी येणारा ट्रेनर लावला. फी महिन्याला चार हजार, आठवड्यातून एक फेरी. पैसे वसूल झाले. पण तयार कुत्रं हातात मिळेल या आशेने कुणी फोन करणार असेल तर करू नका. हे सर कुत्र्यापेक्षा आपल्यालाच जास्त शिकवतात, बाकीचे सहा दिवस मेहनत आपली.

याआधी दुसऱ्या एकाला विचारलं होतं. त्याचं म्हणणं, महिनाभर कुत्री माझ्याकडे ठेवा, चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) लावून सरळ करतो. माझ्या दारावरची बेल त्याच्या शेडमध्ये कशी वाजणार होती कोण जाणे.

या सरांनी पहिल्या दिवशी पैशाचं नावही काढलं नाही. लसींचं पुस्तक बघितलं, महापालिकेचा परवाना काढलाय का विचारलं, आणि ठमीचं लक्ष नसताना स्टीलचं ताट फरशीवर पाडलं. ठमी दचकून मागे सरली, मग मान लांब करून ताट हुंगायला आली. "चालेल काकू," म्हणाले, "पलंगाखाली जाऊन बसली असती तर मी नाही म्हणून परत गेलो असतो." आवाजाला घाबरणारं कुत्रं या कामाला लावणं म्हणजे त्याचा छळच. ठमी गावठी म्हणूनही त्यांनी नाक मुरडलं नाही. लॅब्रॅडॉरच पाहिजे हा आपल्याकडचा हट्ट आहे.

जाता जाता टेबलावरची द्राक्षं उचलून फ्रीजवर ठेवली. द्राक्षं नि बेदाणे कुत्र्याच्या किडन्या निकामी करू शकतात, आणि कांद्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. म्हणजे आपल्या जिल्ह्याची दोन्ही नावाजलेली पिकं ठमीला बंद! बक्षीस म्हणून पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे ठरले.

क्लिकर, म्हणजे कुत्र्याला 'शाबास' सांगायला टिक् वाजवायची छोटी डबी, वाजली की नाही हे मलाच कळणार नाही, म्हणून शाबासकीची खूण अंगठा. कुत्र्याला हाताच्या खुणा छान कळतात. आधी फक्त एवढंच: गुडघ्याला नाक लागलं रे लागलं की अंगठा वर, लगेच पनीर. ते पक्कं झाल्यावर बेल. ती वाजवायला दुसरं माणूस लागतं. शेजारच्या वहिनींचा नातू चॉकलेटवर राजी झाला. बेल वाजली की ठमीने येऊन नाक लावायचं, मी तळवे उघडून "काय गं?" अशी खूण करायची, मग तिने दाराशी न्यायचं. पनीर दाराशीच. खुर्चीत बसल्या बसल्या दिलं तर ती पुढे नेईलच कशाला?

कुकर सगळ्यात अवघड. शिट्टी मोबाइलवर रेकॉर्ड करून अगदी बारीक आवाजात सुरुवात. कान टवकारलेत पण शेपूट सैल आहे, हे बघूनच आवाज थोडा वाढवायचा. खरा कुकर फार नंतर. आणि तिने न्यायचं ते गॅसपर्यंत नाही, स्वयंपाकघराच्या दारातल्या पायपुसण्यापर्यंत. तापलेल्या कुकरपाशी कुत्र्याची लुडबुड नको. हे त्यांना आधीच सुचलं होतं, तिथे मी मानलं. आता वरणाला तीन शिट्ट्या म्हणजे गुडघ्याला तीनदा ओलं नाक. तिसऱ्याला उठून गॅस बंद.

धुराच्या अलार्मची खूण वेगळी: नाक लावून तिथेच आडवं व्हायचं. म्हणजे आवाजाकडे जायचं नाही, घराबाहेर पडायचं. ब्रिटनमध्ये १९८२ पासून काम करणारी 'हिअरिंग डॉग्ज फॉर डेफ पीपल' ही संस्था कुत्र्यांना हेच शिकवते. ठमीचं हे अजून कच्चं आहे. आडवी होते, पण पनीर दिसल्यावर.

आता तक्रारी. सर बोलताना ठमीकडे बघतात. ओठ दिसले नाहीत तर त्यांचं निम्मं बोलणं मला कळत नाही, आणि हे सांगूनही पुन्हा तेच. त्याहून कहर म्हणजे होमवर्क व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोटने! कानाने अधू बाईला व्हॉइस नोट! बरेच दिवस वहिनींच्या नातवाकडून लिहून घेतलं. हल्ली टाइप करून पाठवतात. शुद्धलेखनाबद्दल मी, निवृत्त मास्तरीण, गप्प बसते.

बाहेर न्यायचं ट्रेनिंग मी घेतलं नाही. बिटको चौकाच्या गर्दीत मला ठमीची गरजही पडत नाही. ऑनलाइन मिळणारं 'सर्व्हिस डॉग' (दिव्यांग माणसाच्या मदतीला शिकवलेलं कुत्रं) लिहिलेलं जाकीट आणि ओळखपत्र घेऊ नका, हे सरांनीच सांगितलं. अमेरिकेत तर १९९० च्या दिव्यांग कायद्याखाली घरी स्वतः शिकवलेलं कुत्रंही सर्व्हिस डॉग म्हणून चालतं, नोंदणी नि दाखला लागत नाही; कुत्र्याला काम आलं पाहिजे. आपल्या रेल्वेत कुत्रं एकतर फर्स्ट एसीच्या कूपेत नाहीतर गार्डच्या डब्यात. त्यामुळे मी मुंबईला बहिणीकडे गेले की ठमी वहिनींकडे.

पाचपैकी चार तारे. एक व्हॉइस नोटचा कापला. लावणार असाल तर सकाळची वेळ मागा; संध्याकाळी सर नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकतात आणि तासाची फेरी अर्ध्या तासात उरकते.