९ किलोवॅटचा थ्री फेज फ्रायर : काही महिन्यांच्या वापरानंतर

वडे, समोसे, भजी अशा रोजच्या तळणासाठी फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेला हा इलेक्ट्रिक फ्रायर आता काही महिने पूर्ण लोडवर चाललाय. तेल १८० अंशांवर आलं की घाणे भराभर निघतात, टाकी जाड स्टीलची आहे, धुवायलाही सोपी. तळणाबद्दल तक्रार नाही. वायरिंगबद्दल मात्र बरंच सांगण्यासारखं आहे.

आत ३ किलोवॅटची तीन एलिमेंट (तेल तापवणारे रॉड) स्टारमध्ये आहेत, म्हणजे तिघांचं एकेक टोक एका ठिकाणी, स्टार पॉइंटला, जोडलंय आणि दुसरं टोक एकेका फेजला. मशीन तापत असताना प्रत्येक फेजवर १३ ते १३.५ अँपिअर करंट दिसायला हवा. हा आकडा पॅनलच्या दारावर आतून लिहूनच ठेवा.

नेहमीची तक्रार अशी : हीटिंगचा दिवा लागतो, पहिला घाणा बरा निघतो, दुसऱ्यापासून वडे तेल पितात. लगेच थर्मोस्टॅट बदलला जातो आणि पैसे वाया जातात. थर्मोस्टॅट लवकर कट मारत असेल तर दिवाही विझतो. दिवा विझतच नाही आणि तरी तेल चढत नाही, म्हणजे थर्मोस्टॅट आपलं काम करतोय. एक फेज गेलाय किंवा एखादं एलिमेंट उडालंय. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा) एकेका वायरीला लावा. या मशीनमध्ये स्टार पॉइंट न्यूट्रलला जोडलेला नाही, त्यामुळे एक फेज गेला की उरलेली दोन एलिमेंट ४१५ व्होल्टवर सिरीजमध्ये येतात. दोन वायरींवर १२च्या आसपास, तिसरीवर शून्य आणि ताकद जेमतेम ५ किलोवॅट.

इथे टेस्टर हमखास फसवतो. मेलेल्या फेजच्या टर्मिनलवरही तो पेटतो, कारण एलिमेंटमधून उलटा व्होल्टेज येतो. मल्टिमीटरने न्यूट्रलशी मोजलं तर तिथे ११५-१२० व्होल्ट दिसतात. मग कॉन्टॅक्टरच्या (थर्मोस्टॅटच्या इशाऱ्यावर एलिमेंटचा सप्लाय जोडणारा-तोडणारा स्विच) आउटपुटपासून मागे सरकत जा : कॉन्टॅक्टरचा इनपुट, एमसीबीचा आउटपुट, एमसीबीचा इनपुट. जिथे पुरे २३०-२४० मिळतात, त्याच्या लगेच पुढे फॉल्ट आहे. सगळीकडे पुरा व्होल्टेज असून करंट शून्य असेल, तर सप्लाय बंद करून एलिमेंट सोडवा आणि ओहममध्ये मोजा. चांगलं एलिमेंट साधारण १७.६ ओहम दाखवतं. चालू सप्लायवरची ही मोजणी जाणत्या इलेक्ट्रिशियननेच करावी.

या मशीनचा खरा कच्चा दुवा टर्मिनलमध्ये आहे. वायरच्या तारा लग (टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) न लावता नुसत्या पिळून स्क्रूखाली दाबलेल्या होत्या. रोजच्या गरम-थंड होण्याने स्क्रू सैल पडतो, जोड तापतो, इन्सुलेशन आधी तपकिरी होतं, मग कडक होऊन तडकतं. काळं पडलेलं तांबं घासून परत बसवू नका. चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापा, लग क्रिम्प करा, एलिमेंटजवळ ४ स्क्वेअर एमएमची उष्णता सोसणारी वायर आणि पोर्सलिनचा कनेक्टर वापरा. महिन्यातून एकदा मेन बंद करून सगळे स्क्रू आवळा.

धुतल्यावर आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) पडत असेल तर एलिमेंटच्या टोकातून ओल आत गेलेली असते. एकेका एलिमेंटची दोन्ही टोकं सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायचा मीटर) बॉडीशी मोजा. १ मेगाओहमच्या खाली आलं तर ते सुकवा, तरी चढलं नाही तर बदला. आरसीसीबी बायपास करून मशीन चालवू नका. ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाशी तो खेळ आहे.

सेफ्टी थर्मोस्टॅट (तेल जास्त तापलं तर हीटिंग बंद करणारा) पडला तर नुसतं रिसेटचं बटण दाबून पुढे जाऊ नका. बहुधा थर्मोस्टॅटचा तेलाचं तापमान ओळखणारा बल्ब क्लिपमधून निसटलेला असतो, नाहीतर कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटलेले असतात. पॉइंट चिकटले की नॉब शून्यावर असूनही क्लॅम्प मीटर करंट दाखवतो. मशीनची सगळ्यात मोठी उणीवही इथेच आहे : सेफ्टी थर्मोस्टॅट त्याच कॉन्टॅक्टरची कॉइल तोडतो, म्हणजे पॉइंट चिकटले तर तो असून नसल्यासारखा, आणि तेल तापतच राहतं. ऑर्डर देतानाच सेफ्टीसाठी वेगळा दुसरा कॉन्टॅक्टर मागून घ्या. फ्रायरच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही.