भाजल्याच्या वणावरील शस्त्रक्रिया, ‘कॉस्मेटिक कव्हर’ आणि आमचे २,३६,७६० रुपये

कोल्हापुरातील एका खाजगी क्लिनिकमध्ये बसणाऱ्या तथाकथित विमा सल्लागाराने आम्हाला फसवले. प्लास्टिक सर्जरीसाठी विम्याची चौकशी करणाऱ्या इतर कोणाच्या वाट्याला हे येऊ नये, म्हणून सगळे सविस्तर लिहीत आहे.

२०२२ च्या दिवाळीत चकल्या तळताना कढई कलंडून माझ्या पत्नीची मान भाजली. जखम भरली, पण वण आखडत गेला आणि मान वर करणे तिला अशक्य झाले. २०२४ मध्ये सर्जननी आखडलेली त्वचा मोकळी करून त्वचारोपण करण्याचा सल्ला दिला. आमची कौटुंबिक आरोग्य पॉलिसी २०१६ पासून अखंड चालू होती आणि तिचे नूतनीकरण जवळ आले होते.

सल्लागाराने ती पॉलिसी चाळली, वगळलेल्या बाबींच्या पानावर ‘कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी’ या शब्दांवर बोट ठेवले आणि म्हणाला, “साहेब, यात एक रुपयाही मिळणार नाही. ही बंद करा, आपल्याकडे कॉस्मेटिक कव्हरची पॉलिसी आहे.” आणि पान उलटले. ते पान मी त्याच क्षणी त्याच्या हातातून घ्यायला हवे होते, कारण त्याच कलमाचे पुढचे शब्द असे आहेत की अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना यातून वगळलेली नाही. हे कलम इर्डाने, म्हणजे विमा क्षेत्राच्या सरकारी नियामकाने, २०१९ मध्ये सर्व कंपन्यांसाठी एकसारखे करून दिले आहे. म्हणजे ज्या पॉलिसीतून आमचा दावा मंजूर व्हायला हवा होता, तीच त्याने आम्हाला सोडायला लावली. परंतु सर्जनच्या शेजारच्या खोलीत, गळ्यात क्लिनिकचे ओळखपत्र घालून बसलेल्या माणसावर अविश्वास दाखवायचा, असे कोणत्या रुग्णाच्या नातेवाइकाला सुचेल?

नव्या पॉलिसीचा हप्ता ३१,८६० रुपये धनादेशाने कंपनीकडे गेला. ‘फाइल चार्जेस’ म्हणून १८,५०० रुपये त्याने यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यावर घेतले. पावती आजतागायत नाही. प्रस्ताव अर्ज त्याने स्वतःच्या मोबाइलवर भरला, माझ्याकडून फक्त ओटीपी घेतला आणि पूर्वीच्या दुखापतीच्या रकान्यात ‘नाही’ लिहिले. ओटीपी म्हणजे तुमची सही आहे; अर्ज पूर्ण वाचल्याशिवाय तो कोणालाही सांगू नका.

कॅशलेस नाकारले गेले तेव्हा “आधी भरा, नंतर परत मिळतील” असे सांगून त्याने वेळ मारून नेली आणि शस्त्रक्रियेचे १,८६,४०० रुपये आम्ही दागिने गहाण ठेवून भरले. पुढे दावा फेटाळला गेला, माहिती दडवल्याच्या कारणाने पॉलिसी रद्द झाली आणि हप्ताही जप्त झाला. एकूण २,३६,७६० रुपये गेले. जुन्या पॉलिसीचा हप्ता उशिरा भरून ती चालू ठेवण्याची सवलतीची मुदतही तोवर उलटली होती. कंपनी बदलायचीच असेल तर पोर्टेबिलिटीने, म्हणजे चालू पॉलिसीच दुसऱ्या कंपनीकडे नेऊन बदला, म्हणजे आधीच्या पॉलिसीत पूर्ण केलेला प्रतीक्षा कालावधी (ज्या काळात काही आजारांचे दावे मिळत नाहीत तो) वाया जात नाही.

यानंतर जे सोसले ते फसवणुकीहून कमी नव्हते. क्लिनिकने “तो आमचा कर्मचारी नाही” म्हणून हात झटकले, जरी त्याची खुर्ची, टेबल आणि ओळखपत्र त्यांचेच होते. पोलीस ठाण्यात हा दिवाणी मामला असल्याचे सांगून माझा अर्जसुद्धा स्वीकारला नाही. पैसे तुम्हीच स्वखुशीने पाठवलेत, मग गुन्हा कसला, असा प्रश्न माझ्या पत्नीसमोर मला विचारण्यात आला. कंपनीच्या तक्रार विभागाने माझ्या एकाही मुद्द्याला उत्तर न देता फेटाळणीचेच पत्र नवी तारीख घालून पाठवले. अर्ज मी भरलेला नाही, हे दाखवणारे त्या माणसाचे संदेश मी जोडले होते. ते कोणी उघडूनही पाहिल्याचे दिसत नाही. प्रत्येक ठिकाणी सामान्य माणसानेच स्वतःला निर्दोष सिद्ध करायचे असेल, तर या यंत्रणा कोणासाठी आहेत?

कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दावा नाकारला, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. कोल्हापूरसाठी हे कार्यालय पुण्यात आहे आणि आमची तक्रार आता तिथे दाखल आहे. पॉलिसी विकणाऱ्याचा परवाना क्रमांक आधी मागा. वण, भाजणे किंवा अपघात यांसाठी शस्त्रक्रिया असेल, तर ती वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असल्याचे सर्जनचे लेखी प्रमाणपत्र घेऊन आधी स्वतःच्याच कंपनीला ईमेलने विचारा. या माणसाने आणखी कोणाकडून ‘फाइल चार्जेस’ घेतले असतील, तर यूपीआयचे व्यवहार आणि संदेश पुसू नका. एकत्र तक्रार दिली तर त्या ठाण्याला ती नाकारणे इतके सोपे जाणार नाही.