इंजलाक आर्ट्स, गुनबलान्या: बार्क पेंटिंग घ्यायचं तर इथूनच घ्या

ऑस्ट्रेलियात नॉर्दर्न टेरिटरीला जाणार असाल आणि झाडाच्या सालीवरचं अस्सल पेंटिंग घ्यायचं मनात असेल तर डार्विनमध्येच सगळे पैसे उडवू नका, थोडी खटपट करून आर्नहेम लँडमधल्या गुनबलान्या गावात इंजलाक आर्ट्सला जा. खटपट आहे हे खरंय. आर्नहेम लँड ही ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ लोकांच्या मालकीची जमीन, त्यामुळे नॉर्दर्न लँड कौन्सिलचं परमिट आधी काढून ठेवायचं, आणि काकडू नॅशनल पार्ककडून येताना ईस्ट ॲलिगेटर नदी काहिल्स क्रॉसिंगवर ओलांडायची, तिथे भरतीचं पाणी रस्त्यावरून वाहतं आणि नदीत मगरी आहेत, म्हणजे ओहोटीची वेळ बघूनच गाडी घाला. पावसाळ्यात तर या रस्त्याचा विचारच सोडा.

हे दुकान म्हणजे कलाकारांचीच संस्था आहे, 1989 पासूनची. कलाकार तिथेच बसून रंगवत असतात, बायका पँडॅनसच्या (केवड्यासारखं झाड) पानांच्या टोपल्या विणत असतात, आणि तुम्ही शांतपणे बघत बसलात तर कोणी हाकलत नाही (फोटो मात्र विचारूनच काढा). मी एका वयस्कर चित्रकारांच्या शेजारी बसून बघत होते. ब्रश म्हणजे लव्हाळ्यासारख्या गवताची काडी, टोक सोलून दोन-चार तंतू ठेवलेले. ते तंतू पांढऱ्या मातीच्या रंगात बुडवून सालीवर अलगद टेकवायचे आणि एका दमात ओढायचे, की केसाएवढी रेघ उमटते, मग तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी, आणि त्या सगळ्यांना छेद देणाऱ्या तिरक्या रेघा. याला तिकडे रार्क म्हणतात. मासा किंवा कांगारू काढला तर पोटातली हाडं, आतडी पण दिसतात. हात जरासुद्धा थरथरला नाही हो त्यांचा!

साल असते स्ट्रिंगीबार्क नावाच्या निलगिरीची. पावसाळ्यात झाडात रस भरलेला असतो तेव्हाच ती नीट सुटते, मग विस्तवावर शेकून, वजनाखाली दाबून सपाट करतात. रंग लाल-पिवळी गेरू, पांढरी माती आणि कोळसा, पूर्वी त्यात ऑर्किडचा रस घालायचे, आता बहुतेक जण लाकूड चिकटवायचा गोंद वापरतात. साल अशी दाबून सपाट केलेली असते, म्हणून ती थोडी वाकलेली दिसली तर तो डिफेक्ट समजू नका, सालीचा स्वभावच तो. काच लावून दाबून फ्रेम तर अजिबात करू नका, आणि थेट उन्हात टांगू नका.

ही कला टुरिस्टांसाठी सुरू झालेली नाही बरं का. पावसाळ्यात राहायला सालीच्या झोपड्या बांधायचे, त्यांच्या आतून अशी चित्रं असायची. मानववंशशास्त्रज्ञ बाल्डविन स्पेन्सर 1912 मध्ये याच गावात आले (तेव्हा ओएनपेली म्हणायचे) आणि त्यांनी इथून नेलेली चित्रं आज मेलबर्नच्या म्युझियममध्ये आहेत. आणि तिकडे पूर्वेला यिर्कालाच्या लोकांनी 1963 मध्ये खाणीविरुद्ध संसदेला अर्ज केला तोही सालीवर चिकटवून, भोवती स्वतःच्या कुळांची चित्रं काढून!

म्हणूनच डार्विनमधल्या एका सुवेनिअर शॉपचा मला राग आला. तिथे हे कोणी काढलंय विचारलं तर धड उत्तर नाही. इंजलाकला प्रत्येक चित्रासोबत कलाकाराचं नाव आणि चित्राची गोष्ट लिहिलेलं सर्टिफिकेट मिळतं. लहान बार्क काही शे ऑस्ट्रेलियन डॉलरला, मोठी हजारांच्या घरात, आणि त्यामागची मेहनत बघितली की घासाघीस करावीशीच वाटत नाही. बजेट कमी असेल तर त्याच कलाकारांची कागदावरची चित्रं घ्या, गुंडाळून नेता येतात.

एक सांगते, खरेदी आधी करू नका. आधी स्थानिक गाइडबरोबर इंजलाक टेकडी चढा, चढ दमवतो, पाणी भरपूर न्या. वर खडकांच्या कपारींत एकावर एक रंगवलेले मासे आणि काटकुळे मिमी (खडकांत राहणारे आत्मे) दिसतात, आणि मग खाली दुकानात आलात की कुठलं चित्र कुठून आलंय ते तुमचं तुम्हालाच कळायला लागतं, निवडणं सोपं जातं.