डोंबिवलीच्या मेंदीवाल्या ताई आणि त्यांचा घरचा कोन

मामेबहिणीच्या लग्नाला आम्ही डोंबिवलीतल्या एका ताईंना बोलावलं होतं, त्या घरूनच काम करतात आणि ओळखीतूनच ऑर्डर घेतात म्हणून नाव टाकत नाहीये, पण काम कसं झालं ते नीट लिहिते कारण आता सीझन सुरू होईल आणि सगळ्याजणी मेंदीवाली फक्त इन्स्टावरचे फोटो बघून ठरवतात. फोटोत मेंदी हातावर तशीच असते, काळीभोर दिसते, ती काढल्यावर खाली रंग काय येणार ते त्यातून कळतच नाही. म्हणून माझं मत, डिझाईन नंतर बघा, आधी कोन कसला आहे ते विचारा.

ह्या ताई कोन स्वतः बनवतात. पावडर सोजतची, म्हणजे राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातलं सोजत, तिथल्या मेंदीला २०२१ मध्ये जीआय मानांकन, म्हणजे त्या भागाची खास वस्तू अशी सरकारी ओळख, मिळालंय. पावडर बारीक कापडातून गाळायची, लिंबाच्या रसात कालवून रात्रभर ठेवायची, मग साखर आणि निलगिरीचं तेल. बस. बाकी काही नाही, आणि म्हणूनच तो कोन फ्रीजरमध्ये ठेवावा लागतो, बाहेर ठेवला तर दोन-चार दिवसांत रंग द्यायचा बंद होतो. आता जो कोन दुकानात महिनोन्महिने नुसता बाहेर पडून असतो तो एवढे दिवस कसा टिकतो, विचार करा ना.

मी हे एवढं ताणून लिहितेय कारण आमच्याच घरात एका बारशाला कोणीतरी 'दहा मिनिटांत काळी' वाला कोन आणला होता आणि एका चुलत बहिणीच्या मनगटावर वेलीच्या आकाराचे फोड आले, डॉक्टरकडे न्यावं लागलं, डाग कितीतरी महिने गेला नाही. मेंदीच्या पानाचा रंग काळा नसतोच हो! पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं, ते त्वचेतल्या केरॅटिन नावाच्या प्रथिनाला धरून बसतं, आधी भगवं दिसतं आणि मग दोन दिवसांत हवेने गडद होत होत लालसर तपकिरी होतं. झटपट काळा रंग येतो तो बहुतेक वेळा केस रंगवायच्या डायमधल्या पीपीडी नावाच्या रसायनामुळे, आणि ते कातडीवर थेट लावायचं रसायन नाही. एकदा त्याची अ‍ॅलर्जी बसली की पुढे साधा हेअर डायसुद्धा त्रास देतो. लहान मुलींच्या हातावर तर अजिबात नको.

ताईंनी लग्नाच्या आधी नवरीच्या तळव्यावर मटारएवढा ठिपका लावून दिला आणि दोन दिवसांनी फोटो पाठव म्हणाल्या, मगच ऑर्डर पक्की केली. हे मला फार आवडलं. रंग मस्त आला, तळव्यावर आणि बोटांवर अगदी गडद, कोपराकडे फिकट, पण ते तसंच असतं कारण तळव्याची कातडी जाड. नवऱ्याचं प्रेम, सासूची माया वगैरे म्हणायला छान वाटतं, पण रंग फिका आलेल्या मुलीला त्यावरून चिडवणं मात्र बंद करा, प्लीज.

डिझाईनबद्दल. आपल्याकडे पूर्वी लग्नात मान हळदीचा आणि हिरव्या चुड्याचा, मेंदी असायचीच पण तिचा वेगळा कार्यक्रम नव्हता. आजी सांगते, नागपंचमीला, हरतालिकेच्या आदल्या दिवशी पाला पाट्यावर वाटायचा, तळव्यावर मधे एक गोल, बाजूने ठिपके आणि बोटांची टोकं भरायची, झालं. जरा हौशी असेल ती खराट्याच्या काडीने नक्षी काढायची. कोन आला आणि सगळं बदललं, मग मारवाडी भरगच्च हात, जाळी, मोर, कोयऱ्या, मग अरेबिक, म्हणजे मोठी फुलं, तिरकी वेल आणि मधे मोकळी जागा. (त्या अरब लोकांकडेही ही परंपरा किती खोल आहे बघा, डिसेंबर २०२४ मध्ये १६ अरब देशांनी मिळून मेंदीची परंपरा युनेस्कोच्या यादीत नोंदवून घेतली.)

आणि आता नवरा-नवरीचे चेहरे. ताई काढतात, हात पक्का आहे, पण मला तो प्रकार पटत नाही, चेहऱ्याच्या बारीक रेषा रंग उतरायला लागला की आधी जातात आणि मग नाक एकीकडे डोळा एकीकडे. आमच्या नवरीने त्याऐवजी एका हातावर अंतरपाट, दुसऱ्यावर तुळशीवृंदावन आणि मनगटाला मुंडावळ्यांसारखी लोंबणारी नक्षी घेतली, इतकं सुंदर दिसलं की काय सांगू, हिरव्या बांगड्यांच्या खाली तर अगदी खुलून आलं. मुद्दाम चुड्यासाठी मनगटावर जागा मोकळी ठेवली होती, हे त्यांनी स्वतःहून विचारलं. आजीला जुना गोल ठिपका हवा होता तर तोही तेवढ्याच मन लावून काढला, कुठे घाई नाही.

कमी काय तर वेळ. एकट्याच येतात, नवरीचे हातपाय व्हायलाच दुपार गेली, त्यामुळे पाहुण्यांपैकी बऱ्याच जणी तशाच राहिल्या आणि काकू नाराज झाल्या. बायका जास्त असतील तर सोबत मदतनीस आणा असं आधीच बोलून घ्या. नवरीचे कोपरापर्यंत हात आणि पाय मिळून ५५०० घेतले, पाहुण्यांचे एका बाजूचे १५०. महाग वाटेल, पण कोनाची मेहनत बघता मला योग्य वाटले. ग्लिटर, पांढरी मेंदी, इन्स्टंट काळी हे मागू नका, नाही म्हणतात. तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा हव्या असतील तर गणपतीतच सांगून ठेवा, आणि लावल्यावर त्या रात्री पाण्यात हात घालू नका, भांडी दुसऱ्या कोणाला तरी घासू दे.