एचटीपी पंपावरचा ग्लिसरीन गेज: द्राक्ष हंगामानंतरचा अनुभव

द्राक्षबागेच्या एचटीपी (जास्त दाबाच्या फवारणी) पंपावर ६३ मिमी डायलचा, पाव इंची बीएसपी (सरळ पाइप) आट्यांचा, ० ते ४० किलोचा (किलो प्रति चौ. सेमी) ग्लिसरीन गेज, म्हणजे ग्लिसरीन भरलेला दाबमापक, हंगामभर वापरला. फवारणी २५ किलोवर. काटा स्थिर राहतो, आणि जादा पैसे मोजायचे ते त्यासाठीच. तीन पिस्टनच्या पंपाचा दाब सतत धडधडतो. साध्या गेजचा काटा त्यात फडफडतो आणि आतले बारीक दाते झिजतात. ग्लिसरीन ती थरथर शोषते, दात्यांना वंगणही देते.

रेंज मात्र विचार करून घ्या. धडधडता दाब रेंजच्या दोन तृतीयांशाच्या आत हवा, म्हणून २५ ला ४० चा गेज बरोबर. १.६ अचूकता वर्गाच्या गेजमध्ये पूर्ण रेंजच्या १.६ टक्के चूक चालते: ४० ला ०.६४ किलो, १०० ला थेट १.६ किलो. उगाच मोठी रेंज घेऊ नये.

वरचा हवेचा बुडबुडा पाहून अनेकांना गळतीची शंका येते. तो मुद्दाम ठेवलेला असतो, ग्लिसरीन तापून फुगते तेव्हा जागा लागते. उन्हात गेजच्या बंद डब्यात दाब साठला की गेज कमी दाखवतो. शून्याला काटा खिळ्यावर टेकलेला असल्यामुळे ही चूक दिसतही नाही. पंप बंद ठेवून, दाब सोडून, वरचे रबरी बूच क्षणभर उचला. काटा ताळ्यावर येतो.

खरा त्रास बोर्डोचा, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाचा. चुन्याचा गाळ गेजच्या बारीक छिद्रात बसला की काटा उशिरा चढतो आणि पंप थांबल्यावरही वरच अडकतो. फवारणीनंतर पाच मिनिटे स्वच्छ पाणी फिरवा. छिद्रात तार घालू नका, दाब मोजणारी आतली नळी फाटेल.

बसवताना पाना खालच्या चौकोनी भागालाच लावा. डबा धरून पिरगळला की शून्य हलते. सरळ आट्यांना टेफ्लॉनपेक्षा तळाशी तांब्याचा वॉशर खात्रीचा.

पातळी उतरली तर ९८-९९ टक्के ग्लिसरीन किंचित कोमट करून सिरिंजने हळू भरा, बुडबुडा राहू द्या. नुसता पिवळेपणा आला तर वाचनात फरक पडत नाही. पण ग्लिसरीन दुधाळ झाले किंवा पंप चालू असताना पातळी चढली, तर आतली नळी चिरली आहे. असा गेज लगेच काढून टाका, दुरुस्तीच्या नादी लागू नका.

अमोनियायुक्त खत सोडायच्या लाइनवर हा पितळी गेज नको. अमोनियाने पितळ तडकते. तिथे आतूनही स्टेनलेस स्टीलचाच घ्या.