वाटी की फवारा? दमट गोव्यात वाळवंटी सरड्याला पाणी पाजताना

बिअर्डेड ड्रॅगन घेताना दिवा, पिंजरा, किडे यांची चौकशी सगळेच करतात. पाण्याचं कोडं तो घरी आल्यावर पडतं. हा प्राणी ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला, त्याला साधारण ३० ते ४० टक्के आर्द्रता मानवते. आम्ही राहतो फोंड्याला. इथे जुलैत मिठाच्या बरणीला पाणी सुटतं आणि पापड तळून ताटात येईपर्यंत मऊ पडतो. म्हणजे पाणी त्याच्या पोटात तर गेलं पाहिजे, पण पिंजऱ्यातल्या हवेत वाढायला नको. उथळ वाटी आणि फवाऱ्याची बाटली, दोन्ही मी एकेक पावसाळा वापरून पाहिली.

फवाऱ्याचं कौतुक आधी करतो. तो पहिल्या दिवसापासून जमतो. या सरड्यांना साचलेलं पाणी हे पाणी आहे, हे चटकन कळत नाही. पण अंगावर थेंब पडले की लगेच समजतं. आमचा भिकू मागचे पाय ताठ करून डोकं खाली घालायचा, पाठीवरचं पाणी ओघळून तोंडाशी यायचं आणि तो जबड्याने हळूहळू चघळल्यासारखं प्यायचा. हे पाहायला इतकं छान वाटतं की माणूस गरजेपेक्षा जास्त फवारे मारतो. मी मारलेच.

वाटीची सुरुवात याच्या अगदी उलटी. पहिले पंधरा दिवस भिकू तिच्यातून नुसता चालत गेला. मग त्याने तिच्यात शी केली, आणि ही सवय मात्र लगेच लागली. उरलेली जागा मुंग्यांनी आणि बुडालेल्या रातकिड्यांनी घेतली. आई म्हणाली, "अरे, त्याला न्हाणी बांधून दिलीस का पाणी ठेवलंस?" रोज दोनदा घासायची तयारी नसेल तर वाटीच्या वाटेला जाऊ नये, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

तरीही माझी बाटली कपाटात गेली, त्याचं कारण एकच: रात्र. मी कामावरून यायचो साडेसातला, फवारा मारायचो, आणि आठला दिवे बंद. दिवसा दिवा खूप काही सांभाळून घेतो. बाहेरची २६ अंशांची, ९० टक्के दमट हवा दिव्याखाली ३८ अंशांवर गेली की तिचीच सापेक्ष आर्द्रता ४५ च्या आसपास येते. दिवा विझला की ती परत चढते, आणि त्यात काचेवर, ओंडक्यावर, खालच्या काथ्यात माझं संध्याकाळचं पाणी मुरलेलं. त्याच्या तोंडात गेलेले थेंब दहा-बारा, बाकी अर्धा पेला पिंजऱ्याला पाजलेला. एका सकाळी झाकण उघडलं तर बंद पडलेल्या माळ्यासारखा वास आला. ओंडका उचलला, खाली बोटभर लांबीची पांढरी लव. त्याच आठवड्यात वीज दोन रात्री आणि एक अख्खा दिवस गेली होती. पुढे भिकू तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायला लागला, नाकपुडीशी बुडबुडा दिसला, आणि डॉक्टर, इंजेक्शनं, सगळं झालं. ते फवाऱ्यामुळेच झालं असं छातीठोकपणे नाही म्हणणार. वीज नसल्याने गारवाही होता. पण त्यानंतर बाटलीला हात लागला नाही.

आता काथ्या काढून साधी फरशी टाकली आहे आणि वाटी थंड बाजूला ठेवतो, दिव्याखाली ठेवली की वाफच जास्त. ती ओळखायला शिकवलं ड्रॉपरने. आधी नाकाच्या शेंड्यावर एकेक थेंब, मग हळूहळू ड्रॉपर खाली नेत वाटीतच थेंब पाडायचे, म्हणजे पाणी हलतं. महिनाभरात तो स्वतः पिऊ लागला. काही कधीच शिकत नाहीत म्हणतात. तसं असेल तर ड्रॉपरच चालू ठेवावा, एक थेंबही वाया जात नाही.

कोमट पाण्यात बसवण्याबद्दल विचाराल तर, कातडीतून पाणी शोषलं जातं हा समज चुकीचा आहे. पाणी प्यावंच लागतं. ऑस्ट्रेलियातल्याच थॉर्नी डेव्हिल या काटेरी सरड्याच्या कातडीवरच्या बारीक खाचाही पाणी तोंडापर्यंत नेतात, अंगात जिरवत नाहीत. कात बोटांना अडकली तर आंघोळ घालावी, एरवी ऑगस्टात ओला सरडा वाळवत बसायची हौस मला नाही.

बरंचसं पाणी पाल्यातून जातं, हे दोन्ही पक्षांना लागू. धुतलेला पाला न झटकता द्यावा. परसातली जास्वंदीची फुलं भिकूला प्रिय, दुधी किसून चालतो, शेवग्याची पानं उत्तम. तांबडी भाजी मात्र रोज नको, तिच्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. पाणी पुरतंय का, हे विष्ठेतल्या पांढऱ्या भागावरून कळतं: मऊ, पांढरा असेल तर ठीक, पिवळट, खडूसारखा कडक झाला तर कमी पडतंय. डोळे खोल गेल्यावर जागं होणं म्हणजे उशीरच.

तुमची खोली दिवसभर एसीत असेल, पिंजऱ्याला दोन बाजूंनी जाळी असेल आणि सकाळी घरी कुणी असेल, तर फवारा वाईट नाही. दिवा लागल्यावर मारा, दुपारपर्यंत सुकू द्या. आर्द्रतामापक डिजिटल घ्या, आणि ओलसर मीठ भरलेल्या बाटलीच्या झाकणासोबत बंद पिशवीत रात्रभर ठेवून एकदा तपासा, ७५ दाखवायला हवा. माझा काट्याचा ५८ दाखवत होता आणि त्याच्या भरवशावर मी पावसाळा काढला होता.

वाटी घेणारच असाल तर दुकानातली खडकासारखी दिसणारी घेऊ नका, खाचांत घाण बसते. चिनी मातीची, लोणच्याची जड बशी घ्या; भिकूच्या कोपरापेक्षा खोल नसावी. आणि दोन घ्या, एक घासायला गेली की दुसरी आत.