शाळेतल्यांना आत्महत्या-प्रतिबंधाचं प्रशिक्षण: चार वाटा आणि त्यांचा खर्च

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शाळेतल्या शिक्षक-शिक्षकेतर सगळ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं. त्यात धोक्याच्या खुणा, मानसिक प्रथमोपचार आणि मुलाला पुढे कुणाकडे न्यायचं हे सगळं आलं. 100 किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे समुपदेशकही नेमायचा. तेव्हापासून आमच्या यवतमाळकडचे मुख्याध्यापक एकच विचारतात, पैसे कुठून आणायचे? शाळा अनुदान सगळ्यांना पाठ आहे. 30 पर्यंत पट असेल तर वर्षाला 10,000 रुपये, 100 पर्यंत 25,000, 250 पर्यंत 50,000. वीजबिल, खडू आणि गळकं छत त्यातच. म्हणून केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांच्या गटाला आमच्याकडे केंद्र म्हणतात) आणि शाळा व्यवस्थापन समित्यांसाठी हा हिशेब मांडतो.

सर्वांत स्वस्त मोबाइलवरचा कोर्स. खर्च नाही, प्रमाणपत्र मिळतं, माहिती वर पाठवता येते. खुणा ओळखण्यापुरता तो बरा आहे. पण "जीव द्यावासा वाटतो का रे?" हा प्रश्न मुलाला विचारायची हिंमत व्हिडिओ पाहून येत नाही. विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरेल, या भीतीने शिक्षक गप्प बसतात. ही भीती खोटी आहे. थेट विचारल्याने मूल मोकळं होतं. मात्र ते दोघांनी समोरासमोर बसून, बोलून पाहावं लागतं.

नागपूरहून मानधनावर प्रशिक्षक बोलावणं ही दुसरी वाट. मानधन, गाडी, जेवण, सगळं आपल्याकडे. दिवस छान जातो. पण संध्याकाळी पाहुणे परत जातात आणि पुढच्या मंगळवारी एखादी मुलगी वर्गात कोसळून रडते, तेव्हा फोन कुणाला करायचा? दहा-बारा शाळा असलेल्या मोठ्या संस्थेने वर्षभराचा करार केला तर ठीक. एकट्या शाळेने या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे.

तिसरी वाट आपल्याच जिल्ह्यात आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक शासनाचंच, त्याला मानधन द्यावं लागत नाही. गटशिक्षणाधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी यांच्या पत्राने तारीख मागायची. ती लवकर मिळत नाही, पाठपुरावा करावा लागतो. माझा ढोबळ हिशेब असा: केंद्रातले 45 जण, चहा-जेवण माणशी 150 प्रमाणे 6,750, झेरॉक्सचे हजारभर. दहा शाळांत वाटले तर शाळेमागे आठशेही होत नाहीत.

खरा खर्च दिवसाचा आहे. दोन शिक्षकी शाळेतले दोघंही गेले की शाळा बंद. म्हणून वेगळा दिवस काढूच नये. केंद्रातल्या शिक्षकांची बैठक, म्हणजे शिक्षण परिषद, तशीही भरते, तिचे दोन-तीन तास याला द्यावेत. नाहीतर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बसावं.

या वाटेकडे माझं मन ओढतं ते मागे घडलेल्या एका गोष्टीमुळे. आठवीतला एक मुलगा. हजेरी पूर्ण, वह्या नीट, आम्हा कुणाच्या लक्षात काही आलं नाही. खिचडी वाढणाऱ्या ताई ऑफिसच्या दारात येऊन म्हणाल्या, "सर, थो पोट्टा तीन दिस झाले जेवूनच नाई राहिला जी. ताट घेते, न् तसंच ठेवते." मी त्याला आंब्याखाली घेऊन बसलो. बराच वेळ तो चपलेच्या टोकाने माती उकरत राहिला, मग घरातल्या कर्जाचं आणि रोजच्या भांडणाचं बोलला. मला पुढचं वाक्य सुचेना. टेलिमानस या मानसिक मदतीच्या सरकारी फोनसेवेचा 14416 हा क्रमांक तेव्हा नव्हता. त्याच्या मामाला बोलावलं, त्याला एकटं सोडलं नाही, घरातली फवारणीची औषधं दुसरीकडे कुलपात ठेवायला लावली, आणि सरकारी दवाखान्यात नेलं. तो आज स्वतःचं दुकान चालवतो.

चौथी वाट समुपदेशकाची आणि सर्वांत महाग, कारण पगार दर महिन्याला लागतो. तरी तिच्यावर अडून बसावं. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी चालवला, काही शाळांत खास तयार केलेल्या साध्या समुपदेशकांनी. मुलांचं नैराश्य आणि दादागिरी समुपदेशकांच्या शाळांत घटली, शिक्षकांच्या शाळांत फरक दिसला नाही. युरोपात दहा देशांतल्या 168 शाळांच्या अभ्यासातही नुसत्या शिक्षक-प्रशिक्षणाने आत्महत्येचे प्रयत्न घटले नाहीत. थेट मुलांबरोबर केलेल्या कामाने घटले. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांसह काम झालं, तेव्हा ‘गेल्या वर्षभरात आत्महत्येचे विचार आले’ असं सांगणाऱ्यांचं प्रमाण 5.2 टक्क्यांवरून 2.5 वर आलं होतं.

शाळा अनुदानातून पगार निघणार नाही, तो जिल्हा परिषदेच्या सेस फंडातून (तिच्या स्वतःच्या उत्पन्नातून) किंवा राज्याकडूनच यायला हवा. म्हणून शंभर किंवा जास्त पट असलेल्या शाळांनी समितीचा ठराव करून समुपदेशकाची मागणी लेखी पाठवावी, आणि उत्तराची वाट न पाहता या सत्रात तिसरी वाट धरावी. लहान शाळांनी तिसरीच धरावी; पथकाकडून कुणाला, कुठल्या वारी भेटायचं ते लिहून घ्यावं.

आणि बोलावण्याच्या यादीत खिचडीवाल्या ताई, शिपाई, वसतिगृहाचे अधीक्षक हवेतच. शनिवारी दुपारी बसवलं तर ताईंची कापूस वेचणीची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. ती त्या 6,750 च्या वर धरा आणि त्याच दिवशी हातात द्या.